पाल चुकचुकते ती तोंडाने की आणखी कशाने? (आणि बाकीच्या प्राण्यांचे आवाज)

खारूताई
मंडळी, परवा रात्री जेवताना ट्यूबलाइटमागची पाल जोरात चुकचुकली, सासूबाईंनी सवयीने टेबलावर बोटाने टकटक केलं आणि चौथीतल्या चिरंजीवांनी विचारलं की ती हा आवाज नक्की कशाने काढते. नवरा म्हणाला जिभेने, आपण टाळूला जीभ लावून च्यक च्यक करतो तसं. मी म्हटलं गळ्यातून. सासूबाई म्हणाल्या शेपटी आपटते. नेटवर शोधलं तर अर्ध्या ठिकाणी शकुन-अपशकुन, अमुक दिशेला चुकचुकली तर धनलाभ वगैरे, आणि उरलेल्या ठिकाणी पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती. तोवर पोराची गाडी रातकिडा, डास, मांजराची घुरघुर असं करत कुठच्या कुठे गेली आणि आता रोज एक नवीन प्राणी आणतोय. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सवाली आहे.

बोकोबा
रुमाल टाकून ठेवतो. माझं मत जिभेला. बाकी डोक्यावर पाल असताना शांतपणे जेवणाऱ्या कुटुंबाला साष्टांग.

हिरडा_बेहडा
जिभेनेच असणार. सरडा ओरडताना ऐकलाय का कुणी? घोरपड? सरपटणाऱ्यांकडे आवाजाची सोयच नसते, फार तर फुस्स करतात.

रानभूल
हिरडाभाऊ, सरड्याचं आणि घोरपडीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण पाल त्या खानदानातली अपवाद आहे. पालींच्या कुळात कंठात खरेखुरे स्वरतंतू असतात, त्यांच्यामधून फुप्फुसातली हवा झटक्याझटक्याने सोडली की ते चुक् चुक् चुक् येतं. म्हणजे खारूताई जिंकल्या. जीभ तिला वेगळ्याच कामाला लागते, आपल्या घरातल्या पालीला मिटायला पापण्या नसतात म्हणून ती जिभेने डोळे पुसते, नीट बघितलंत तर दिसेल. चुकचुकणं हे बहुतेक वेळा 'ही भिंत माझी आहे' असं दुसऱ्या पालीला सांगणं असतं. सरडा दिवसा फिरतो म्हणून मान हलवून, रंग दाखवून भागवतो, पाल रात्रीची, अंधारात रंग दाखवून उपयोग काय, म्हणून आवाज.

आता सगळ्यांसाठी एकदाच सांगून टाकतो म्हणजे पुढचे प्राणी सोपे जातील. पेटी डोळ्यासमोर आणा. भाता म्हणजे फुप्फुस, हवा ढकलतो. आतली रीड म्हणजे स्वरतंतू, हवेने थरथरतात. आणि खोकं म्हणजे घसा-तोंड-नाक, जे त्या थरथरीला रंगरूप देतं. माणूस, मांजर, बेडूक, हत्ती, पाल सगळे या पद्धतीचे. पण कीटकांकडे भाताच नाही हो, ते अंगावरच्या बारीक भोकांतून श्वास घेतात, फुप्फुस नाही. त्यामुळे ते हवा फुंकत नाहीत, ते घासतात, दाबतात, फडफडवतात. त्यामुळे कुठल्याही आवाजाबद्दल पहिला प्रश्न 'तोंड कुठंय' हा नाहीच. थरथरतंय काय आणि त्याला थरथरवतंय कोण, हवा का स्नायू का घासणं, हे विचारायचं.

(मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो आणि पावसाळ्यात बेडकांमागे फिरतो, त्यामुळे बेडकांना झुकतं माप मिळेल, आधीच सांगतो.)

पेटीवाला
पेटीचं नाव काढलंत म्हणून आलो. एक फरक सांगा की, पेटीची रीड एकच सूर देते, प्रत्येक सुराला वेगळी रीड. गळ्यात तर दोनच तंतू.

रानभूल
हो, म्हणूनच गळ्यात त्यांना ताणणारे आणि सैल सोडणारे स्नायू आहेत. ताणले की सूर चढतो. आणि तंतू लांब, जाड, जड असतील तर मुळातच खर्ज. हत्तीचे तंतू साधारण १० सेंटीमीटर लांबीचे, म्हणून तो इतक्या खाली जाऊ शकतो की आपल्याला ऐकूच येत नाही, २० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २० थरथरींच्या) खाली. १९८४ साली केटी पेन नावाच्या बाई अमेरिकेत पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपाशी उभ्या होत्या, त्यांना हवेत काहीतरी धडधड जाणवली पण ऐकू काही येईना. नंतर रेकॉर्डिंग करून वेग वाढवून ऐकलं तर हत्तींच्या गप्पा चालू होत्या. असा खर्ज कित्येक किलोमीटर जातो.

म्याऊमावशी
मांजराच्या घुरघुरीबद्दल मी सांगते, घरात तीन आहेत. आमच्या व्हेट म्हणाल्या की मेंदूकडून कंठातल्या स्नायूंना सिग्नल येतो, ते सेकंदाला २५-३० वेळा आखडतात आणि सुटतात, म्हणून श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना दोन्ही वेळा घुरघुर चालू राहते. म्हणजे इथे स्नायूच थरथरवतायत. बरोबर ना?

रानभूल
बरेच वर्षं हेच शिकवलं जायचं आणि त्याला स्नायूंच्या मोजण्यांचा आधार आहे, सत्तरच्या दशकातल्या. पण २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी आजारपणामुळे दयामरण दिलेल्या मांजरांचे कंठ (मालकांच्या परवानगीने) घेऊन त्यातून नुसती गरम दमट हवा सोडली. मेंदू नाही, नस नाही, स्नायूला सिग्नल नाही. तरी कंठ २५-३० हर्ट्झला घुरघुरला. कारण मांजराच्या स्वरतंतूंमध्ये तंतुमय गादीसारखा एक भाग सापडला जो तंतूंना जड करतो आणि एवढ्याशा प्राण्याला एवढा खर्ज काढता येतो.

म्याऊमावशी
हे काही मला पटलं नाही. मेलेल्या कंठातून आवाज निघतो म्हणजे जिवंत मांजर तसंच करतं असं थोडंच आहे? माझी मोठी मांजर घुरघुरायला लागली की गळ्यावर बोट ठेवलं तरी स्नायू फडफडताना कळतात.

हिरडा_बेहडा
+१ मावशींना. लॅबमधली शिट्टी आणि घरातली मांजर यात फरक आहे.

रानभूल
मावशी, आक्षेप रास्त आहे आणि तो शास्त्रज्ञांनीही घेतलाय. प्रयोगातून एवढंच सिद्ध होतं की स्नायूंच्या आखडण्याशिवाय घुरघुर शक्य आहे. जिवंतपणी दोन्ही मिळून चालत असेल ही शक्यता उघडी आहे. माझा कौल हवेकडे झुकतो, कारण बाकी बहुतेक सस्तन प्राणी त्याच पद्धतीने ओरडतात आणि मांजराला एकटीलाच वेगळी यंत्रणा कशाला लागेल. पण बोटाला जे कळतं त्याने निकाल लागत नाही, तंतू हवेने थरथरले तरी गळा थरथरणारच ना.

बोकोबा
आणि ते घुरघुरीने हाडं जुळतात म्हणे? व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

रानभूल
कल्पना म्हणून मांडलेली आहे. पुरावा तोकडा. प्लास्टर काढून मांजर बांधू नका.

वऱ्हाडी_ठेचा
चंद्रपूरकर हजर आहे राजेहो. ताडोब्यात गाइड सांगतात की वाघ-सिंह गळ्यातल्या एका हाडामुळे डरकाळी फोडतात आणि ते हाड ज्यांचं पक्कं असते ते मांजरासारखे घुरघुरतात. हे खरं काय? आणि बिबट्याचं ऐकलं का कोणी, रात्री लाकूड कापल्यासारखं करवत चालते, खर्र-खू खर्र-खू, पहिल्यांदा ऐकलं तर कोणी झाड तोडून राहिलं असंच वाटते.

रानभूल
बिबट्याची करवत! ती श्वास आत-बाहेर दोन्हीकडे चालते म्हणून तसा ताल येतो.

हाडाची गोष्ट जुनी आहे, पुस्तकात अजून असते. जिभेखालचं ते हाड वाघ-सिंह-बिबट्यात पूर्ण हाडाचं नसतं, मधे लवचीक बंध असतो, त्यामुळे कंठ खाली सरकतो आणि आवाजाची नळी लांब होते. इथपर्यंत ठीक. पण हिमबिबट्यातही तसाच लवचीक बंध आहे आणि तो डरकाळी फोडत नाही, म्हणजे नुसत्या हाडाने काम भागत नाही. २०११ मध्ये सिंह आणि वाघाचे स्वरतंतू तपासले तेव्हा दिसलं की त्यांच्यात चरबी भरलेली आहे आणि त्यांची हवेकडची कड आपल्यासारखी निमुळती नसून सपाट, चौकोनी आहे. त्यामुळे फार जोर न लावता प्रचंड आवाज निघतो. सिंहाची गर्जना ८ किलोमीटरवर ऐकू येते ती या चरबीच्या जिवावर. चित्ता बिचारा यात नाही, तो म्याऊ करतो आणि घुरघुरतो. भारतात चित्ते आणल्यावर लोक कुनोला डरकाळी ऐकायला जाणार असतील तर तिकिटाचे पैसे वाचवा.

वऱ्हाडी_ठेचा
काहून स्वप्नं मोडता :)

आणि कॉलचं, म्हणजे वाघाची चाहूल लागली की जनावरं देतात त्या इशाऱ्याचं, विसरू नका. सांबर 'पोंक' करते, चितळ 'टिवं' करते, वानर खॉक खॉक करते. आमच्याकडं गाइड वाघ बघत नाही, कान लावून बसतो. चितळ उगीचही ओरडते, सांबर खोटं नाही बोलत असं जुने लोक म्हणतात.

शिकागोची_वहिनी
इथे आमच्या इलिनॉयमध्ये २०२४ च्या मे-जूनमध्ये सिकाडांनी डोकं उठवलं होतं. १३ वर्षांची आणि १७ वर्षांची अशी दोन टोळकी एकाच वर्षी जमिनीतून वर आली, असं आधी १८०३ साली झालं होतं म्हणे. सकाळी दहा वाजले की झाडं वाजायला लागायची, फोनवर बोलायला घरात यावं लागायचं. भारतात फोन केला की आई विचारायची मिक्सर चालू आहे का. हे एवढुसे किडे कशाने वाजतात? पंख तर हलताना दिसत नाहीत.

रानभूल
वहिनी, त्यात पंखांचा संबंध नाही. नराच्या पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेक ताणलेला पडदा असतो, त्यावर उभ्या घड्या. आतून एक जाड स्नायू तो पडदा ओढतो, घड्या एकापाठोपाठ आत दबतात, टक टक टक, सोडला की परत बाहेर, पुन्हा टक टक. हे सेकंदाला शेकडो वेळा. आणि नराचं पोट बरंचसं पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. काही जातींचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. मादीकडे हे यंत्रच नाही. सिकाडा आपल्याकडेही आहेत, एप्रिल-मे मध्ये कोकणात किंवा महाबळेश्वरला भर दुपारी जंगल किर्र वाजतं ते हेच, लोक त्यांना रातकिडे म्हणतात पण दुपारी कसले रातकिडे.

खरा रातकिडा पंखांनी वाजवतो. पुढच्या पंखाखाली एक दातेरी शीर असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासते. तोही फक्त नर. आणि ऐकायचे कान कुठे तर पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. नाकतोडा मागचा पाय पंखावर घासतो. म्हणजे तीन किडे आणि तिघांची वाद्यं वेगळी, एकही गळ्याचं नाही. थंडीत रातकिड्याची किरकिर मंदावते, कारण त्याचं शरीर हवेइतकंच गार होतं आणि स्नायू सावकाश चालतात. १८९७ मध्ये डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी किरकिर मोजून तापमान काढायचं गणितच छापलं होतं.

आपल्या दक्षिणेकडे एक झाडावरचा रातकिडा आहे, त्याची मला फार मौज वाटते. हा पानाला मधोमध स्वतःच्या मापाचं भोक पाडतो, त्यात डोकं घालून बसतो आणि पंख पानाला टेकवून वाजवतो. पंखाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा आवाज एकमेकांना मारतो, मधे पान आलं की ते थांबतं आणि आवाज वाढतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) यावर काम झालंय. त्यात कळलं की लहानखुरे आणि कमी आवाजाचे नर ही युक्ती जास्त करतात. ज्यांचा आवाज मुळातच मोठा त्यांना गरज नाही.

बोकोबा
म्हणजे लाऊडस्पीकर लावणारे कुठले असतात ते निसर्गात पण तसंच आहे तर.

अण्णा_पुणेकर
लेख म्हणून चांगला झाला असता, धाग्यात वाया जातंय. असो. डासांचं राहिलं. तो कानाशीच येऊन का गुणगुणतो, पायाशी का नाही?

रानभूल
अण्णा, पायाशीही येतो, तुम्हाला ऐकू येत नाही. आवाज इतका बारीक की कान हातभर लांब असला तरी संपला. शिवाय श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडा-नाकाकडून येतो त्यामुळे त्या डोक्याभोवती जास्त घुटमळतात. 'त्या', कारण चावणारी मादीच. गुणगुण पंखांची, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या मादीचे पंख सेकंदाला साधारण ४०० वेळा, नराचे ६०० वेळा. नर आपल्या झुपकेदार मिशांनी तो आवाज ऐकतो आणि मादी शोधतो. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांना असं दिसलं की जोडी जमताना दोघंही पंखांचा वेग किंचित बदलून वरचे स्वर १२०० हर्ट्झला जुळवतात. ४०० ची तिप्पट आणि ६०० ची दुप्पट, पेटीवाल्यांना कळेल.

पेटीवाला
सा आणि प! ४०० सा धरला तर ६०० शुद्ध पंचम. डास सुरात आहेत, आमच्या वर्गातली मुलं नाहीत.

यावरून एक विचारायचंच होतं. सात स्वर सात प्राण्यांवरून आले असं आम्हाला शिकवतात. मोराचा षड्ज, कोकिळाचा पंचम, हत्तीचा निषाद. शार्ङ्गदेवाने आपल्या देवगिरीला बसून तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला त्यात ही यादी आहे. यात शास्त्रीय तथ्य किती?

हिरडा_बेहडा
आता पूर्वजांना सगळं माहीत होतं सुरू होणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पेटीवाला
अहो नाही, मी खरंच विचारतोय. कारण यादीतही मतभेद आहेत. रत्नाकरात धैवत बेडकाचा आहे, आणि त्याच्या आधीच्या 'नारदीय शिक्षा' या ग्रंथात धैवत घोड्याचा. ऋषभही एकीकडे चातक आणि दुसरीकडे गाय-बैल.

रानभूल
बेडकाला धैवत मिळालाय हे ऐकून ऊर भरून आला.

थेट सांगायचं तर स्वर म्हणजे षड्जाच्या तुलनेतली जागा, आणि प्राणी षड्ज लावून बसत नाही. कोकीळ घ्या. त्याचा प्रत्येक 'कुऊऊ' खालून वर घसरत जातो, मींड म्हणा, आणि पुढचा कुऊ आधीच्यापेक्षा वर चढतो, चढत चढत जातो आणि एकदम बंद. त्यातला पंचम कुठला हे तुम्ही सा कुठे धरता त्यावर. त्यामुळे मोजमाप म्हणून ती यादी नाही टिकणार. पण लिहिणाऱ्यांनी कान देऊन ऐकलं होतं एवढं नक्की, यादीत बकरी सुद्धा आहे, नुसते देखणे प्राणी निवडलेले नाहीत. मला ती स्वराचा 'स्वभाव' सांगायची पद्धत वाटते, मुलांना लक्षात राहावं म्हणून.

मोराचं मात्र भारी आहे. त्याच्या म्याऑव म्याऑव केकेशिवाय दुसरा आवाजही आहे. नाचताना तो पिसारा सेकंदाला साधारण २५ वेळा थरथरवतो, पिसं पिसांवर घासून सळसळ होते ती आपल्याला ऐकू येते, शिवाय त्यातून आपल्या कानाखालचा खर्जही निघतो. लांडोर बघते तितकीच ऐकते.

खारूताई
बापरे केवढं झालं! चिरंजीवांना रोज एक प्रतिसाद वाचून दाखवतेय. आता त्याचा प्रश्न: पोपट बोलतो तर त्याला ओठ नाहीत, मग प फ ब भ कसं म्हणतो? आणि कोकीळ चोच न उघडता गातो का?

रानभूल
चिरंजीवांना माझ्या वर्गात पाठवा.

पक्ष्यांची रीड वेगळ्या ठिकाणी आहे. आपले स्वरतंतू श्वासनळीच्या वरच्या टोकाला, घशात. पक्ष्यांमध्ये तिथे तंतूच नाहीत. त्यांचा आवाजाचा अवयव छातीत, जिथे श्वासनळीच्या दोन फांद्या होतात त्या बेचक्यात असतो. दोन फांद्यांना दोन पडदे, आणि बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांना ते स्वतंत्र चालवता येतात, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे सूर. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पहाटे जी शीळ घालतो ती माणसाचीच वाटते, आणि तो ओठ नसताना, छातीतून.

पोपट त्याच छातीतल्या आवाजाला मांसल जिभेने आकार देतो, जीभ मागेपुढे केली की स्वर बदलतो. प-ब तो खरे म्हणत नाही, त्याच्या जवळ जाणारा काहीतरी आवाज काढतो आणि उरलेलं आपला कान भरून घेतो. म्हणून पाळणाऱ्याला पोपट स्पष्ट बोलतो असं वाटतं आणि पाहुण्याला काही कळत नाही. (पाळणाऱ्यांनी रागावू नका, आणि मुळात आपला देशी पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे.)

चोच मिटून बोलणारे म्हणजे तांबट. उन्हाळ्यात भर दुपारी टुक टुक टुक चालू असतं तेव्हा बघा, चोच बंद, गळ्याची कातडी फुगते आणि तिथून आवाज बाहेर. पारवाही तसाच घुमतो. आणि पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करतो तेव्हा तो शेतकऱ्यांना नाही, मादीला बोलवत असतो, तारीख मात्र बरोबर साधतो.

उलट टोक बघायचं तर भिगवणला जा. रंगीत करकोचे एवढे थोरले पण मोठेपणी जवळजवळ मुके, छातीतला तो अवयव असून चालवायला धड स्नायू नाहीत. मग चोचीच वाजवतात, कडकडकडकड.

तारकर्लीकर
उशिरा आलो, पाऊस आणि लाइट दोन्ही कारणं. दोन गोष्टी टाकतो.

एक म्हणजे फुरसं. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांनी कातळावर काम केलंय त्यांना विचारा. साप फुत्कारतो हे सगळ्यांना माहीत, पण फुरसं वेटोळं घालून अंगाचे पीळ एकमेकांवर घासतं, बाजूचे खवले दातेरी असतात, त्यातून खर्रर्र येतं. तोंड बंद. तो आवाज आला की आहात तिथे थांबा, बघा कुठे आहे, मग मागे व्हा. बोटाएवढं असलं तरी हलक्यात घेऊ नका.

दुसरं, मासे बोलतात यावर शहरातले लोक विश्वास ठेवत नाहीत. ढोमा जाळ्यात आला की गुरगुरतो, हातात धरलात तर कळतं. शिंगाळा काढताना कर्र कर्र करतो. रानभूल, यांचं यंत्र काय?

रानभूल
शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळच्या परांना जो काटा असतो तो सांध्यात घासतो, ती कर्र कर्र. तोच काटा हाताला लागला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ढोम्याचं आणि घोळीचं वेगळं. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते, मुळात तरंगायला. तिच्या बाजूच्या भिंतीला खास स्नायू असतात, ते वेगाने आखडले की पिशवी घुमते. बहुतेक जातींत विणीच्या काळात नर हे जोरात करतात, अंधारात गढूळ पाण्यात मादी जमवायला. घोळीची हीच पिशवी परदेशात सोन्याच्या भावाने जाते. मलेशियात तर पूर्वी पाण्यात डोकं घालून माशांचा थवा ऐकणारी खास माणसं असायची, ती सांगतील तिथे जाळं टाकायचं.

सापाबद्दल पुरवणी. सापाला स्वरतंतू नाहीत, फुत्कार म्हणजे नुसती हवा. घोणस अंग फुगवून लांबलचक, मोठ्ठा फुत्कार टाकते. नागराजाच्या श्वासनळीला कप्पे असतात त्यात हवा घुमून कुत्र्याच्या गुरगुरीइतका खालचा आवाज येतो. फुरशाची घासण्याची पद्धत कोरड्या मुलखात सोयीची असं एक मत आहे, फुत्कारताना श्वासाबरोबर पाणी जातं, खवले घासताना जात नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मग साळिंदर बी त्यातलंच. शेपटीचे काटे खुळखुळवते, रात्री शेतात ऐकलं आहे.

रानभूल
अगदी. शेपटीचे ते काटे पोकळ असतात आणि टोकाशी उघडे, मुद्दाम वाजवायलाच.

अण्णा_पुणेकर
बेडकाला झुकतं माप देणार होतात ना? अजून एक ओळ नाही.

रानभूल
शेवटी गोड म्हणून ठेवलं होतं.

पहिल्या मोठ्या पावसाला शेतात जे पिवळेधमक मोठे बेडूक दिसतात ते नर, एरवी मातकट असतात, विणीपुरते पिवळे होतात आणि गालाखाली दोन निळे फुगे येतात. लोकांना वाटतं आवाज फुग्यातून येतो. आवाज कंठातच होतो, फुगा तो बाहेर पसरवतो. आणि बघा, बेडूक ओरडताना तोंड आणि नाकपुड्या दोन्ही बंद ठेवतो. फुप्फुसातली हवा कंठातून फुग्यात, फुग्यातून परत फुप्फुसात, तीच हवा पुन्हा पुन्हा. रात्रभर ओरडायचं तर दर वेळी नवीन श्वास कोण घेत बसेल.

पण धबधब्याशी राहणाऱ्याने काय करायचं? पाण्याच्या आवाजात ओरडून उपयोग नाही. कर्नाटक-केरळातल्या सह्याद्रीत ओढ्यांत नाचरे बेडूक आहेत, बोटाच्या पेराएवढे. नर दगडावर बसून थोडं ओरडतो आणि मग मागचा पाय लांब करून बोटं पसरून दाखवतो, आधी एक पाय, मग दुसरा. २०१४ मध्ये बेडूक-अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांच्या १४ नवीन जाती एकदम नोंदवल्या. मी असा एक नर बघत ओढ्यात बसलो होतो, जळवांनी दोन्ही पाय रक्ताळले, तरी उठवेना.

तारकर्लीकर
देवमासा राहिला. अरबी समुद्रातले हंपबॅक इथलेच, बाकीच्या महासागरांतल्यांसारखे थंड समुद्राकडे ये-जा करत नाहीत. २०१७ ला गोव्याजवळ पाण्याखालच्या माइकवर त्यांची गाणी मिळाली होती. पाण्याखाली तोंड उघडलं तर पाणी जाईल, मग गातात कसे?

रानभूल
हे तर २०२४ पर्यंत नीट माहीतच नव्हतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी किनाऱ्याला लागलेल्या मृत देवमाशांचे कंठ काढून त्यात हवा सोडून पाहिलं, मांजरासारखंच. दात नसलेल्या देवमाशांत, हंपबॅक त्यातलाच, कंठात इंग्रजी यू आकाराचा कडक भाग आहे आणि समोर चरबीची मोठी गादी, हवा जाताना यू त्या गादीवर दाबून थरथरतो. हवा बाहेर सोडायची नाही, आतल्या आत फिरवायची. बेडकाची युक्ती! पण यात त्यांची अडचण अशी की हे जास्तीत जास्त १०० मीटर खोलीपर्यंत आणि ३०० हर्ट्झपर्यंतच जमेल असा हिशोब निघतो, आणि जहाजांच्या इंजिनाचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात. वर सरकता येत नाही, खोल जाता येत नाही. मुंबई आणि न्हावा शेवा बंदराला जाणारी जहाजं कुठून जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

डॉल्फिन वेगळे, ते नाकात आवाज काढतात. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकाखाली दोन मांसल ओठ असतात ते हवेने वाजतात, आणि कपाळातली चरबी तो आवाज पुढे फेकते.

शिकागोची_वहिनी
वाखुसा (वाचनखूण साठवली). सगळं वाचायला दोन चहा लागले.

बोकोबा
एक शेवटचं, जिराफ? लहानपणी शिकलो की त्याला आवाजच नाही. आणि गाढव? ते 'हीं' कुठे आणि 'हॉ' कुठे?

रानभूल
गाढव सोपं, 'हीं' श्वास आत घेताना, 'हॉ' बाहेर सोडताना.

जिराफाला कंठ आहे, तंतू आहेत. त्या कंठाची एक नस मेंदूतून निघून मानेतून खाली छातीपर्यंत जाते, हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर कंठापर्यंत येते, कित्येक मीटरचा फेरा. २०१५ मध्ये युरोपातल्या तीन प्राणिसंग्रहालयांत रात्री रेकॉर्डर लावून ठेवले तेव्हा अंधारात जिराफ गुणगुणताना सापडले, साधारण ९२ हर्ट्झला. कशासाठी ते अजून ठरलेलं नाही.

वटवाघळांचं इथे कुणी विचारू नका, त्यांना वेगळा धागा लागेल. पेपर तपासायचेत, निघतो.